चार वाजता निघणारी जीप

"मग आमी काय खोटं खोकतोय व्हय?" कांबळे गुरुजींनी माझा रिपोर्ट टेबलावर आपटला.

त्यांचं बरोबर होतं. पण माझा कागदही खोटा नव्हता. नव्वदच्या दशकातला एक एप्रिल. शिरवळला एका कारखान्याच्या पूर्वेला गुरुजींची वस्ती. त्यांच्या पत्नी सुमनताईंना दमा, रोज संध्याकाळी धाप लागायची. गुरुजींच्या तक्रारीवरून मी प्रदूषण मंडळाच्या साताऱ्याच्या ऑफिसातून सॅम्पलर घेऊन जायचो. हे मशीन हवा ओढतं, धूळ पांढऱ्या कागदावर बसते, मग कागदाचं वजन करायचं. तीनदा कागद जवळजवळ कोरा निघाला.

साहेब म्हणाले, "आता शेवटचं. क्लीन आलं तर फाईल क्लोज."

फाईल बंद झाली तर सुमनताईंना मिरजेला लेकीकडे कायमचं धाडायचं, असं गुरुजींनी ठरवलं होतं. "संसार मोडतोय, पण श्वास तर पायजे," म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

चौथ्या दिवशीही चारला मशीन आवरलं. ऑफिस सुटायच्या आत जीप जमा करायची, हा आमचा नेम. नाक्यावर आलो तर चष्मा राहिलेला. परत गेलो. वस्तीतल्या बाया दोरीवरचे कपडे भराभर काढत होत्या. कपडे अजून ओलसर!

"आभाळ तर कोरडं आहे. घाई कसली?"

"आवं, वारं फिरायची येळ झाली," सुमनताई म्हणाल्या. "मग समदं काळं हुतंय. तुमी गेलासा की रोज फिरतंय."

अरे गाढवा, मी स्वतःला म्हटलं. कॉलेजात शिकलो होतो की! उन्हाळ्यात दिवसा जमीन तापते, समुद्रावरचा गार वारा कोकणात शिरतो आणि घाट चढून संध्याकाळी आपल्याकडे पोचतो. दिवसभर धूर पश्चिमेला जायचा, संध्याकाळी थेट वस्तीवर. आणि आम्ही चारला घरी!

एसटीडी बूथवरून साहेबांना फोन केला.

"जीप?"

"उद्या जमा करतो."

"नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर. मशीन परत लावतोय."

दिवेलागणीला कागद काढला. काळा कुळकुळीत. आत सुमनताई धापा टाकत होत्या.

सकाळी साहेबांनी कागद पाहिला. "तीन रिपोर्टांवर सही माझी आहे रे," एवढंच म्हणाले. नोटीस त्याच दिवशी गेली. कारखान्याला धूळ अडवायची यंत्रणा बसवावी लागली.

पुढच्या एप्रिलात मुद्दाम संध्याकाळी सहाला गेलो. सुमनताईंनीच चहा दिला. "लेकीला सांगितलंय, तूच येत जा," म्हणाल्या. बाहेर दोरीवर कपडे तसेच होते.

नवीन पोरांना मी एकच सांगायचो. मशीन लावायच्या आधी विचारा, इथं कपडे किती वाजता काढतात.