दत्तूच्या हाताची गाडी

दुरुस्त केलेली गाडी तपासायला दत्तू मागच्या सीटवर झोपत असे. गाडी मी चालवायची, परळ नाक्यावरून भोईवाड्याकडे, मग मुद्दाम ट्रामच्या रुळांवरून, आणि त्याने मागे डोळे मिटून पडायचे. डुलकी लागली तर काम झाले. नाही लागली तर परत येऊन तो पुन्हा गाडीखाली शिरायचा. गॅरेजात सगळे त्याला डुलक्या म्हणत. मी दत्तूच म्हणायचो. आम्ही दोघेही मालवणकडचे. वरळीच्या बीडीडी चाळीत आमच्या खोल्या समोरासमोर होत्या आणि गॅरेजात आम्ही एकाच महिन्यात चिकटलो होतो.

जुन्या गाडीच्या स्प्रिंगांचे पाटे दबले, की त्या काळचे बहुतेक मिस्त्री आणखी एक पाटा घालून मोकळे होत. गाडी उंच दिसायची, मालक खूश व्हायचा आणि पहिल्याच खड्ड्यात त्याच्या कमरेला झटका बसायचा. दत्तू उलट तो जादा पाटा काढून टाकी. बाकीचे सुटे करून गंज खरवडायचा, लोहाराकडून त्यांना पुन्हा कमान देऊन आणायचा, मधे ग्रीस भरायचा, झिजलेले रबरी बुश बदलायचा. शॉक ॲब्सॉर्बरमधल्या तेलाला मात्र तो मलाही हात लावू देत नसे. शेवटी मडगार्डवर जोर देऊन गाडी दाबायची. "एकदा खाली, एकदा वर आणि गप," तो म्हणे. "त्यानंतर हलली तर काम राहिलंय."

गिरगावात खोताच्या वाडीत एक शिक्षिका राहत. त्यांच्या वडिलांची गाडी होती, युद्धाच्या आधीची. बाईंना पाठीचे दुखणे होते, म्हणून ती नुसती उभी असे. दत्तूने ती हातात घेतली आणि मग त्या आम्हाला सोबत घेऊन दादरपर्यंत जाऊन आल्या. उतरताना म्हणाल्या, "पाठ आहे की नाही, तेच कळलं नाही." त्यांनी घरचा केक पुढे केला. दत्तूने तो कागदात बांधून घेतला आणि चाळीत येऊन माझ्या धाकट्या भावाला, वसंताला दिला. वसंतावर त्याचा भारी जीव. त्याला स्वतःला भाऊ नव्हता.

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीत वसंता मोर्चाला गेला आणि पोलिसांची गोळी त्याच्या मांडीत घुसली. बातमी गॅरेजात आली तेव्हा दत्तूने कोणाला न विचारता दारातली एक तयार गाडी काढली. इस्पितळाकडे जाताना वसंताचे डोके माझ्या मांडीवर होते. दत्तू प्रत्येक खड्डा चुकवत होता आणि मागे न पाहता विचारत होता, "दुखता काय रे, वसंता?" वसंता वाचला, पण पाय आखडला तो कायमचाच. गिरणीत मागावर उभे राहणे संपले. पुढे तो रेशनच्या दुकानात बसू लागला.

पुढच्याच आठवड्यात दादरच्या एका बड्या गृहस्थांनी सभेत सांगितले, की गोळ्या लागल्या त्या गुंडांना. हे साहेब आमच्या गॅरेजचे जुने गिऱ्हाईक. वाचून दाखवणाऱ्याच्या हातातला पेपर दत्तूने ओढून घेतला. "हेची गाडी हय येऊची नाय," तो म्हणाला. "आली तर मी हात लावूचंय नाय." आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. मालकांनीही डोलावली. साहेबांची गाडी आमच्याकडे यायची बंद झाली. मला दत्तूचा केवढा अभिमान वाटला होता.

काही महिन्यांनी मी लालबागला रस्ता ओलांडायला उभा होतो. साहेबांची गाडी आली. जुनी, जड गाडी. आमच्याकडे ती फक्त इंजिनाच्या कामाला यायची, तिचा खडखडाट मला पाठ होता. त्या दिवशी आवाज नव्हता. रुळांवर चढताना तिचा मागचा भाग एकदा खाली गेला, एकदा वर आला आणि गप झाला.

मुंबईत असे काम करणारा दुसरा कोणी मला माहीत नव्हता.

संध्याकाळी दत्तू चाळीच्या गॅलरीत शर्ट वाळत घालत होता.

"साहेबांची गाडी तू केलीस?" मी विचारले.

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. चालताना पाहिली."

क्षणभर त्याचा चेहरा खुलला. काम ओळखू आले याचा त्याला आनंद झाला होता. मला सगळ्यांत जास्त तेच लागले.

मग तो भानावर आला. रविवारी बंगल्यावर जाऊन केली, म्हणाला. साहेबांची आई म्हातारी आहे, गाडीत बसली की रडते, त्यांच्या ड्रायव्हरने फार गळ घातली.

"म्हातारीसाठी केलीस?"

त्याने हातातला शर्ट कठड्यावर टाकला. मग म्हणाला, "तुझ्याशी खोटा बोलूचंय नाय. म्हातारी नसती तरी केलं असतंय. तसली गाडी पुन्हा हातात गावली नसती. माका ता काम करूचा होता."

"आणि वसंता?"

"काम करताना वसंता डोक्यात नव्हतो," तो म्हणाला.

तो रडला असता, भांडला असता, तर काही बोलता आले असते. मी आत गेलो आणि दार लावून घेतले. गॅरेजात मी कोणाला काही सांगितले नाही. तरी महिनाभराने तोच काम सोडून गिरगावच्या एका गॅरेजात गेला आणि पाठोपाठ चाळही सोडली.

वसंताला त्या गाडीचे कळले तेव्हा तो लंगडत ट्राम पकडून त्याला भेटायला गेला. परत आला तो हसतच. "दत्तूने चहा पाजला," म्हणाला. "तू का येत नाहीस, विचारत होता. जाऊ दे रे दादा, माझा राग नाही त्याच्यावर."

महाराष्ट्र झाला त्या दिवशी दत्तू पेढे घेऊन चाळीत आला. वसंताने त्याला मिठी मारली. मी पेढा घेतला, आईच्या हातात दिला आणि जिना उतरून गेलो. पाय वसंताचा होता, त्याने माफ केले. मित्र माझा होता.