पाच उभ्या विटा

१९५८ साल. मी तेवीस वर्षांचा होतो आणि भिलाईत माझ्याएवढा ड्रायव्हर दुसरा नाही असं माझं मत होतं. हे मत माझं एकट्याचंच आहे हे कळायला सहा महिने लागले.

शाळा तिसरीपर्यंत. चौथीत मास्तरनं छडी उचलली आणि मी दप्तर तिथंच टाकून आलो, ते परत आणायलाही गेलो नाही. तेव्हा या लिहिण्यात काना-मात्रा चुकला तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. गिअर चुकला तर मी कोणाचं सांभाळून घेत नाही.

आमचं गाव भंडाऱ्याकडे, धानाच्या पट्ट्यात. तिथं मी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकायचो. पटात जोडी सुटली की पापणी लवायच्या आत दान, म्हणजे धावायची पट्टी, संपते, आणि पुढं माणसांची ही गर्दी उभी असते. तिथं बैल थांबवणं हेच खरं काम. मी कासरा असा ओढायचो की बैलाचे पुढचे पाय जमिनीत रुतायचे. लोक फेटे उडवायचे. "धुरकरी असावा त असा!" हे शब्द एकदा कानात गेले की माणूस जन्मभराचा बिघडतो.

मग नागपूरला दोन वर्षं ट्रकवर क्लिनर झालो, लायसन काढलं, लग्न झालं आणि बायकोला घेऊन भिलाईला आलो. तेव्हाची भिलाई आता कोणाला सांगून खरी वाटत नाही. धानाच्या बांध्या अर्ध्या मोडलेल्या, मधून लाल मुरमाचा रस्ता, आणि दूर पोलाद कारखान्याच्या धुराड्याभोवती लाकडी परांची. धुराडं रोज थोडं वर जायचं. सकाळी पाहिलं की काल किती काम झालं ते समजायचं. अंगावरची बनियान धुतली की बादलीतलं पाणी विटकरी व्हायचं. सगळी माणसं बाहेरची, सगळी तरुण, आणि सगळ्यांना वाटायचं की हा कारखाना आपणच उभा करून राहिलो. मला तर नक्कीच वाटायचं.

आम्ही खुर्सीपारला झोपडीत राहायचो. मी एका ठेकेदाराच्या ट्रकवर होतो, लांब नाकाची जुनी गाडी. सकाळची पहिली खेप माणसांची. खुर्सीपारहून मजूर घ्यायचे आणि रेल्वे फाटक ओलांडून साइटवर सोडायचे. मग दिवसभर विटा आणि गिट्टी. मजुरात बाया जास्त. त्यांना तिकडे रेजा म्हणतात. माझी बायकोही रेजाच होती, डोक्यावर विटांचं टोपलं वाहायची. ती माझ्याच ट्रकमध्ये मागं उभी राहून जायची, केबिनच्या अगदी मागं. सगळे चढले की जो पुढं असेल तो केबिनच्या टपावर दोन थापा मारायचा. दोन म्हणजे चला. एक म्हणजे थांबा.

आणि थांबायचं म्हटलं की मी पटातला धुरकरी. टॉप गिअरमध्ये फाटकापर्यंत सुसाट यायचं, मग एकदम दोन नंबरचा गिअर घुसवायचा, क्लच सोडून द्यायचा आणि ब्रेकवर उभं राहायचं. गिअरबॉक्स दात खायची, गाडी नाक घासायची, पण थांबायची ती फाटकाच्या दांडीला हात लावून. गेटमन हसायचा. मला वाटायचं तो कौतुकानं हसतो.

पावसाळा संपता संपता एका सकाळी फाटक बंद होतं. मी नेहमीसारखी गाडी थांबवली. मागं आरडाओरडा झाला. बाया एकमेकींवर पडल्या होत्या. एका म्हातारीची हनुवटी बाजूच्या फाळक्यावर आपटून रक्त निघालं होतं. जेवणाचे डबे उपडे, पेजेचं पाणी लाकडी फळ्यांतून खाली गळून राहिलं होतं.

म्हातारीनं पदरानं हनुवटी दाबली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "ए ड्राइवर! हमन मनखे हन, गिट्टी नो हन!"

आम्ही माणसं आहोत, गिट्टी नाही.

माझी बायको एका हातानं केबिनची जाळी धरून उभी होती, दुसरा हात पोटावर. चौथा महिना होता. आदल्या वर्षी गावाकडे आमचं पहिलं लेकरू सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. खाली उतरली आणि रुळांच्या बाजूनं पायी चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या ट्रकमध्ये चढली नाही. माझ्या मागं एका म्हाताऱ्या ड्रायव्हरची गाडी उभी राहायची. तो फौजेत ट्रक चालवून आलेला, आंध्राकडचा. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. ती सरळ जाऊन त्याच्या गाडीत चढली.

चहाच्या टपरीवर ही गोष्ट पोहोचायला दुपार झाली नाही.

"काय हो धुरकरी, वयनीनं पार्टी बदलवली म्हंते?"

"बदलवन नाही त काय! जीव सगळ्यायलेच प्यारा हाय."

मी चहा तसाच टाकून उठलो. घरी येऊन तिला विचारलं, "कावून वं, माया गाडीत काटे हायेत का?"

ती चुलीपुढून उठली नाही. "काटे नाही. झटका हाय."

"लोकं हासून राहिले मले."

"हासू द्या. मायं एक गेलं. आता दुसरं नाही जाऊ देत."

"थे काय गाडीनं गेलं होतं?"

"नाही. म्हनूनच त ह्याले गाडीनं नाही जाऊ देत." मग तिनं फुंकणी बाजूला ठेवली. "एक दिवस मांग उभं राहून पाहा. मंग बोला."

"ड्रायव्हर मांग उभा रायते का?"

"मंग नका बोलू."

पंधरा दिवस बोललो नाही. ती भाकर वाढायची, मी खायचो. सकाळी ती माझ्या ट्रकच्या बाजूनं जायची आणि उस्तादच्या ट्रकमध्ये चढायची, आणि मी समोरच्या काचेकडे असं पाहायचो जसं काचेवर काही लिहिलं आहे.

मग माझ्या गाडीच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, पाटा तुटला आणि गाडी दोन दिवस वर्कशॉपात गेली. साइटवर जायचं तर उस्तादच्याच गाडीनं. त्यानं केबिनचं दार उघडून आपल्या बाजूची सीट थोपटली. मी म्हटलं, नको, मागं उभा राहतो. खरं सांगायचं तर शिकायला गेलो नव्हतो. मागं काही होत नाही हे बायकोला दाखवायचं होतं.

बायांना तर सणच झाला.

"का होगे ड्राइवर साहब? तोर गाड़ी घलो तोला छोड़ दिस का?" म्हणजे गाडीनंही तुला सोडलं का. हनुवटीवाली म्हातारी सगळ्यांत जोरात हसली. बायको तोंड फिरवून उभी होती, पण तिचे खांदे हलून राहिले होते.

गाडी निघाली. मागं उभं राहिलं की रस्ता दिसत नाही. फक्त पाय असतात आणि कान. ड्रायव्हरला माहीत असतं पुढं काय येऊन राहिलं, मागच्याला काहीच माहीत नसतं. ही एवढी साधी गोष्ट, पण सहा महिन्यांत माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. फाटक जवळ आलं असावं. मी सवयीनं दोन्ही हातांनी जाळी घट्ट धरली, पाय रोवले, अंग आवळलं.

इंजिनचा आवाज खाली आला. क्लच, मग ॲक्सिलरेटरवर हलका पाय, इंजिन जरा गुरगुरलं आणि पुन्हा क्लच. तीन नंबर पडला, आवाजही नाही. गाडी आपली आपणच आवरली. थोडं अंतर तसंच. मग पुन्हा तेच, दोन नंबर. मी वाट पाहून राहिलो की आता झटका येईल.

"सोडा आता जाळी," बायको म्हणाली. "कवाची थांबली गाडी."

मी बाहेर पाहिलं. फाटकाची दांडी समोर होती. बाजूच्या बाईच्या डब्यात झाकण नसलेली पेज होती, ती हललीही नव्हती.

तेव्हा मला माझा बाप आठवला. बाप कधी पटात उतरला नाही. तो धानाची भरलेली बंडी हाकायचा. घर दिसायला लागलं की दुरूनच तोंडानं "हो... होऽ" सुरू करायचा. बैल आधी पाऊल आखूड करायचे, मग हळू, मग उभे. मी त्याला हसायचो. म्हणायचो, बाबा, तुमी थांबेपर्यंत धान उगवते पुन्हा. तो म्हणायचा, "ओझं बैलाच्या मानेवर नाही आलं पायजे." पटाचा छकडा रिकामा असतो. त्यात कोणी बसलेलं नसतं. मी जन्मभर रिकामा छकडा थांबवायला शिकलो होतो आणि त्याच हातांनी माणसांची बंडी हाकून राहिलो होतो.

उतरल्यावर उस्तादला मी एकच विचारलं, तेही त्याच्याकडे न पाहता. "आखिर में ब्रेक छोड़ते हो क्या?"

"सुन लिया तूने?" तो म्हणाला. "रुकने से ठीक पहले ज़रा सा छोड़ दो। नहीं तो गाड़ी सिर पटकती है।" आणि विडी पेटवून निघून गेला. दुसरा कोणी असता तर टपरीवर सांगितलं असतं. त्यानं सांगितलं नाही. म्हणून मी त्याला मानतो.

गाडी वर्कशॉपातून आली. संध्याकाळी शेवटच्या खेपेनंतर मी रिकाम्या ट्रकमध्ये पाच विटा उभ्या ठेवायचो, आडव्या नाही, उभ्या, आणि फाटकाच्या रस्त्यावर गाडी न्यायचो आणि थांबवायचो. पहिल्या दिवशी पाचही पडल्या. मग तीन. मग एक, तीच एक, डाव्या कोपऱ्यातली. मी त्या विटेला शिव्या दिल्या, बदलून पाहिली, दुसरीही पडली. शेवटी समजलं की दोन नंबर टाकायची मी अजून घाई करतो. घाई सोडली आणि ती वीट उभी राहिली. त्यानंतर सलग तीन संध्याकाळी पाचही उभ्या राहिल्या. तेव्हापासून मी आजवर गाडी तशीच, एकेक गिअर उतरवत थांबवतो. आजची पोरं लाल दिवा दिसला की न्यूट्रल मारतात, मग ब्रेक दाबतात आणि मान हलवत बसतात. आमची मोठी लेक आता स्वतः आजी झाली, पण माझ्या बाजूच्या सीटवर बसली की अजून झोपते.

त्या तिसऱ्या संध्याकाळी घरी येऊन बायकोला म्हटलं, "आता वीट पडत नाही."

"मी वीट हाय का?"

 तिनं मला दारातच उभं ठेवलं. मग पेजेचं भांडं काठोकाठ भरलं, पदर खोचला आणि म्हणाली, "चला. दाखवा."

अंधार पडायला अजून वेळ होता. रिकाम्या ट्रकमध्ये ती एकटी, केबिनच्या मागं, भांडं दोन्ही हातांत. तिनं जाळी धरली नव्हती. एवढी भीती मला पटात हजार माणसांपुढं वाटली नव्हती. फाटक उघडं होतं, तरी मी ते बंद आहे असं धरलं. चारवरून तीन. थांब, घाई नको. तीनवरून दोन. ब्रेकवर पाय, आणि शेवटी जरासा वर.

मी उतरून मागं गेलो. तिनं भांडं पुढं केलं. पेज काठालाच होती. तिनं एक घोट घेतला, मला दिलं. मी प्यालो. वाटलं, आता काही चांगलं बोलेल.

"उद्या पाहू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर जाऊन ट्रकच्या फळ्या झाडल्या, केबिनच्या मागं एक रिकामं पोतं अंथरलं, आणि खुर्सीपारच्या वळणावर गाडी लावून स्वतः खाली उतरून मागचा फाळका उघडला. ड्रायव्हर कधी फाळका उघडत नसतो. टपरीवरचे सगळे पाहून राहिले होते, पाहू दिलं. बाया आल्या. कोण चढलं, कोण उस्तादकडे गेलं ते मी पाहिलं नाही. केबिनमध्ये जाऊन बसलो आणि इंजिन सुरू ठेवून वाट पाहिली. मग डोक्यावरच्या टपावर दोन थापा पडल्या. रोज माझ्या घरी चुलीपुढं ज्या हातानं भाकर थापली जाते, तो हात मला कुठंही ओळखू येतो. मी पहिला गिअर टाकला आणि क्लच इतका हळू सोडला की मागं कोणाला गाडी निघाल्याचं समजलंही नसेल.