आबांना सांगायचं कोणी?

लॉन्ड्रीचा मुकादम म्हणजे कोणी मोठा साहेब असेल असं वाटतं ना? कसलं काय! एका अंगाने मालक बडवतो, दुसऱ्या अंगाने कामगार. मधे हा ढोलकीसारखा. या मुकादमाचं पोट सुटलं, केस पिकायला लागले, तरी आबा त्याला चारचौघांत 'बारक्या' म्हणत. म्हणणारच. मिसरूड फुटायच्या वयात तो इथे कामाला लागला, तेव्हा ओली चादर कशी धरायची ते आबांनीच शिकवलेलं.

आबा रोलरवर. हॉटेलांच्या ओल्या चादरी तापलेल्या रोलरात इकडून सरकवायच्या, तिकडून कडक इस्त्री होऊन बाहेर. जन्म गेला त्यात. पण अलीकडे हात थरथरू लागला होता. त्या दिवशी तर बोटं रोलरात जाता जाता वाचली. बाजूचा पोरगा, कानात सदा गाणी घालून काम करणारा, सगळ्यांदेखत ओरडला, "आबा, हात जाईल एक दिवस! सोडा आता, नाही होत तुमच्याच्यानं."

खोटं नव्हतं. पण आबांनी चादर टाकली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. ते बघून धुलाई मशीनवरच्या दोघी बहिणींनीही हात आखडले. दूरदेशाहून आलेल्या त्या. थोरली म्हणाली, "आमच्याकडे मोठ्या माणसाला असं बोलत नाहीत. आधी याने माफी मागायची."

"माफी? अहो, हात वाचवला मी त्यांचा!" पोरगा म्हणाला. "आमच्याकडे जे असेल ते तोंडावर."

"तुमच्याकडे, आमच्याकडे… अरे, चादरी हॉटेलकडे जायच्यात!" मुकादम रडकुंडीला आला.

मालकाला कुठून कळलं देव जाणे. फोन आला, "उद्यापासून म्हातारा रोलरवर दिसता कामा नये. काही झालं तर तू जबाबदार."

संध्याकाळी मुकादम आबांना बाहेर चहाला घेऊन गेला. "आबा, म्हणजे असं बघा… घडीच्या टेबलाशी खुर्ची टाकून देतो…"

"कोणाला, तुला? टाक की. दमतोस हल्ली फार," आबा म्हणाले. "त्या पोराचं मनावर घेतलंस होय? वेडा कुठला. घरी ही गेल्यापासून भिंती खायला उठतात रे. रोलरशी उभा राहिलो की बरं वाटतं. मी आहे तोवर तू काळजी करू नकोस."

चहाचे पैसेसुद्धा आबांनी त्याला देऊ दिले नाहीत.

सकाळी मनाचा हिय्या करून मुकादम आला. बघतो तर आबा रोलरवर हजर. दोन्हीकडे दोघी बहिणी, चादर सावरायचं सोंग करत त्यांच्या बाह्या धरून. आणि पोरगा मशीन बंद करायच्या लाल बटणावर बोट ठेवून.

"माफी नाही मागितली हं," तो पुटपुटला. "नुसता उभा आहे."

"आम्हीही बोलत नाही याच्याशी," धाकटी फणकारली. "नुसत्या उभ्या आहोत."

"अहो, पण धुणार कोण? घड्या कोण घालणार?"

"बारक्या," आबा मान न वळवता म्हणाले, "दारात काय उभा? तू घाल."

तो घालू लागला. इतक्यात मालकाचा फोन. "उतरला का म्हातारा?"

मुकादमाने आबांच्या हाताकडे पाहिलं. थरथरत होताच.

"सांगतो, मालक. आजच सांगतो," तो म्हणाला, आणि फोन मानेत धरून त्याने पुढची चादर ओढली.