टाकीतली निळी फीत

टाकी पुसावी ती दोन्या सिनियानेच, म्हणजे सिनियाबाईनेच. लिबेरिया नावाच्या गावाबाहेरच्या त्या प्रयोगशाळेत अवकाशयानांची प्लाझ्मा इंजिनं पारखत. इंजिन बसएवढ्या पोलादी टाकीत ठेवायचं आणि पेटवायच्या आधी तिच्यातली हवा पंपांनी उपसून काढायची. आत बोटाचा तेलकट ठसासुद्धा चालत नसे. सिनिया टोपी-हातमोजे चढवून आत रांगत जायची आणि स्पिरिटच्या फडक्याने भिंती पुसता पुसता टाकीशीच बोलायची, "पाठ दाखव गं. हं, आता कानामागे."

इंजिन पेटायची वेळ झाली की मात्र बाई कॉफी गाळायला पळायची. ती आग तिने कधी पाहिलीच नव्हती.

यंदा इंजिनाला आजवर दिली नव्हती एवढी वीज द्यायची होती. टाकीच्या नव्या खिडकीचा जोड योर्लेनीने लावला होता. वेल्डिंग शिकून आलेल्या त्या पोरीचं हे पहिलंच मोठं काम, आणि सिनियाचा तिच्यावर फार जीव.

पण सकाळपासून पंप धापा टाकत होते आणि हवेच्या दाबाचा काटा काही खाली उतरेना.

"गळतंय," इंजिनियर एलिएसेर म्हणाला. "नवा जोड कापावा लागणार."

"मी जोडाभोवती हेलियम वायू फिरवून बघितला की! कणभरही आत शिरला नाही. कुठेच गळत नाहीये."

"मग काय, टाकीला घाम फुटलाय?"

"कापा मग. मलाही काढून टाका एकदाचं!" योर्लेनीचा आवाज चिरकला.

दारात कॉफीचा ट्रे खळखळला. "जोडाला हात लावू नकोस, राजा," सिनिया म्हणाली. "तो घाम माझाय."

कार्तागोच्या देवळातल्या काळ्या देवमाउलीच्या पायाशी ठेवून आणलेली निळी फीत तिने इंजिनाखाली बांधली होती. पोरीचं काम तडीला जावं म्हणून.

"नुसतीच फीत?"

"छे! देवळातल्या मेणबत्तीच्या मेणात बुडवलेली. हात आखडता नाही घेतला मी."

एलिएसेर मटकन खाली बसला. "म्हणजे हवा उपसली की ते मेणच वाफ सोडत बसतंय! दोन्या सिनिया! नाश्त्याला चीज खाल्लं म्हणून हात हुंगून मला माघारी धाडता तुम्ही!"

"ते बरोबरच होतं. बोटं बरबटलेली होती तुझी."

योर्लेनी हसता हसता तिच्या गळ्यात पडली आणि मग रडायलाच लागली. एलिएसेरने किल्ल्यांच्या जुडग्यातून माउलीचं चिमुकलं पदक सोडवलं. "ही माउली घ्या. पण टाकीच्या बाहेर टांगायची हं, बाहेर!"

टाकी उघडली. सिनिया पुन्हा आत रांगली, फीत काढली, सगळं पुसलं. दुसऱ्या दिवशी काटा मुकाट्याने उतरला. ती स्वयंपाकघराकडे वळणार, तोच योर्लेनीने तिचा एप्रन धरला.

"आज नाही सुटायचं. माझ्या खिडकीतून पहिलं तुम्हीच बघायचं."

आत गुआरिया ऑर्किडच्या फुलासारखा जांभळा झोत उमलला आणि तसाच टिकून राहिला.

"ह्या आगीला आवाज नाही गं?"

"आत हवाच नाही, आवाज कसा येणार?"

"आणि मी हिला घाबरत होते!" सिनिया कुजबुजली. मग काचेजवळ वाकून टाकीला म्हणाली, "शहाणी माझी बाय. आता अशीच राहा."

स्वयंपाकघरातून शेगडीवरची कॉफी करपल्याचा वास येत होता. कुणीच जागचं हललं नाही.