त्या हाताला मत नव्हतं

फोन किरणचा होता. किरण ही माझ्या भावाची ज्युनिअर. तिची पोरं कॉलेजात जातात, पण कोर्टात तिला अजून ज्युनिअरच म्हणतात. "दीदी, सर नहीं रहे," ती म्हणाली. मी लाल भाजी निवडत होते. "कुठं?" मी विचारलं. "यहीं, कोर्ट में. बार रूम में बैठे थे. मैटर लगने ही वाला था..." मी फोन ठेवला आणि उरलेली भाजी निवडली. हे सांगितलं की लोक माझ्याकडं विचित्र पाहतात. अर्धी भाजी तशीच टाकून मी काय करणार होते? तो तर गेलाच होता. मग हात धुतले, पांढरं पातळ नेसलं आणि कोणी न्यायला येईल म्हणून दाराशी बसले. रडू आलं नाही. महिना होत आला, अजून आलं नाही. येईल तेव्हा येईल.

विहारात पुण्यानुमोदन झालं. समाजाच्या लोकांनी बॅनर लावला होता. त्यावर दिवाकरचं नाव, नावाखाली मोठ्या अक्षरांत 'माजी एल्डरमॅन', आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरांत 'अधिवक्ता'. चाळीसेक वर्षं केलेलं काम बारीक, आणि वर्षभरही न टिकलेलं मोठं. मी बोलले तसं. एक जण म्हणाला, "दीदी, पद की बात है न." तो दिवस भांडायचा नव्हता.

आमचे बाबा गोंदियाकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि इथलेच झाले. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी चौथीत होते. शाळा सुटली ती सुटलीच. दिवाकरला कडेवर घेऊन मी भात रांधायला शिकले. त्याबद्दल कोणी हळहळू नये, तेव्हा घरोघरी तेच होतं. तो शिकला. दिवसा भनपुरीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायचा, संध्याकाळी लॉ कॉलेजात जायचा. वकील झाला तेव्हा त्याचे पहिले पक्षकार भनपुरीचेच, ड्रायव्हर आणि हमाल. मी लग्न होऊन गेले आणि लवकरच विधवा होऊन परत आले. पुढं त्याची बायको गेली, पोरगी लग्न करून दूर गेली, आणि पुरानी बस्तीतल्या घरात आम्ही दोघं म्हातारे उरलो. तो मला 'बाई' म्हणायचा. भांडणं रोज व्हायची, त्याचं मिठावरून आणि माझं त्याच्या सिगारेटवरून.

त्याची सगळ्यात लांब चाललेली केस भाजीवाल्या बायांची. आमच्या वस्तीतून तलावाकडं जो रस्ता जातो, त्याच्या कडेला बाया पसरा लावतात, म्हणजे पोतं अंथरून त्यावर भाजी मांडून बसतात. त्यांच्या सासवाही तिथंच बसायच्या. निगमची, म्हणजे महापालिकेची, अतिक्रमणाची गाडी यायची आणि टोपल्या, तराजू उचलून न्यायची. त्यांची म्होरकी सुकवारो. एकदा ती रिकामी टोपली घेऊन सरळ आमच्या घरात आली आणि दिवाकरच्या पुढ्यात टोपली उपडी करून म्हणाली, "ले वकील भैया, लिख." त्यानं लिहिलं, कोर्टातून स्टे आणला. स्टे कित्येक वर्षं टिकला आणि बाया जागेवर बसल्या. फी म्हणून त्या भाजी द्यायच्या. कोणाकडून कधी भाजी घ्यायची, हे त्याच ठरवायच्या. मला करेला आवडत नाही. तरी सुकवारोची पाळी आली की करेलाच यायचा.

मग ती नेमणूक आली. दिवाकर पूर्वी एकदा पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, निवडणुकीला उभा राहून पडला होता. ते त्याच्या मनात राहिलं होतं, हे मला ठाऊक होतं. समाजाचे लोक हार घेऊन आले, मिठाई आली. ते गेल्यावर मी विचारलं, "एल्डरमॅन म्हणजे काय रे?"

"सरकार नेमते, बाई. निगमच्या सभेत बसाचं."

"निवडणूक नाही?"

"नाही."

"मग मत देता येते का तिथं?"

"मत नाही. बोलता येते."

"बोलता त तुले घरीही येते," मी म्हटलं. "त्यासाठी तिथं काहून जाऊन राहिला?"

तो हसला. म्हणाला, बाहेरून दहा वर्षं ओरडून जे होत नाही, ते आत बसून एका ठरावात होते. बायांसाठी कायमची जागा मंजूर करून घेतो. त्याचा त्यावर खरंच विश्वास होता. नुसत्या हौसेनं गेला असता तर मला राग तरी आला असता.

पण आत बसायचं म्हणून त्यानं बायांचं वकीलपत्र सोडलं. असा काही नियम होता की नव्हता, मला माहीत नाही. दुसरे लोक सोडत नाहीत, हे किरणनंच सांगितलं. तो म्हणायचा, ज्या घरात जाऊन बसलो त्याच घरावर दावा कसा चालवू? माझा भाऊ असाच होता. मोठा माणूस होण्याची हौस होती, आणि ती हौससुद्धा सरळ मार्गानं करायची होती. किरणकडंही केस ठेवली नाही, ती आपल्याच ऑफिसची म्हणून. बायांना त्यानं दुसरा वकील करून दिला. सुकवारो ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "तुमन ओती बइठहू, त हमर कोती कोन ठाढ़ होही?" तुम्ही तिकडं बसलात, तर आमच्या बाजूनं कोण उभं राहणार... दिवाकर म्हणाला, "मैं वहीं से बोलूँगा, सुकवारो." ती उठून गेली. चहा प्यायली नाही.

ठराव आला त्या दिवशी मला आणि सुकवारोला त्यानं सभा पाहायला नेलं. आम्ही मागं बसलो. तो चांगला बोलला. हिंदी त्याची स्वच्छ होती, आवाज मोठा. लोकांनी बाकं वाजवली. सुकवारोनं माझा हात दाबला. मग मत घ्यायची वेळ आली, हात वर करा म्हणाले. दिवाकरनंही हात वर केला. सवयीनं केला की मुद्दाम, ते मी त्याला कधी विचारलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "वकील साहब, आपका हाथ गिना नहीं जाएगा." नियम होता, त्यांचंही चुकलं नाही. कोणीतरी हसलं. त्यानं हात खाली घेतला आणि समोरचा कागद नीट लावत बसला. ठराव पडला.

येताना रिक्षात सुकवारो बाहेर पाहत होती. दिवाकर मला म्हणाला, "बाई, चहा भेटला का तुमाले तिथं?"

"भेटला," मी म्हटलं. "साखर जास्त होती."

त्यानंतर थोड्याच दिवसांत नवा वकील एका तारखेला हजर राहिला नाही आणि स्टे उठला. सकाळी गाडी आली. बाया पांगल्या. सुकवारो डोक्यावर टोपली घेऊन गल्लोगल्ली विकू लागली. रोज आमच्या गल्लीतून जायची. आमच्या दारापुढं तिची हाक बंद व्हायची आणि पुढच्या दारापाशी पुन्हा सुरू व्हायची. दिवाकर आत पेपर धरून बसलेला असायचा. पान उलटायचा नाही. त्या दिवसांत भाजी मी बाजारातून आणली. तो काही न बोलता जेवायचा, मिठाचंही नाही.

मग वर सरकार बदललं आणि एका आदेशात सगळे नेमलेले घरी आले. माणसं सांत्वनाला आली. मला त्याचं हसू आलं, कारण त्याच रात्री दिवाकर पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बाई, चाल माझ्यासंगं." एकटं जायची त्याची हिंमत नव्हती. तलावाच्या पायरीवर सुकवारो भाजी धूत होती. तो तिथं चपला काढून उभा राहिला. म्हणाला, केस मला परत दे.

तिनं मान वर केली नाही. "अब कोनो कुर्सी नइ देवत हें का?"

"नइ देवत हें."

"अउ देहीं त?" आणि दिली तर...

"नइ बइठंव."

"दीदी," ती मला म्हणाली, "सुनत हस न? तैं गवाह हस." मी हव म्हटलं. तिनं ओले हात लुगड्याला पुसले आणि बाकीच्या बायांना हाक मारली. संध्याकाळी त्या सगळ्या वकीलपत्रावर अंगठे उठवायला घरी आल्या. माझ्यासाठी करेला होता.

ती केस त्यानं पुन्हा उभी केली. बाया अजून जागेवर आलेल्या नाहीत. तो गेला त्या दिवशी तिचीच तारीख होती. पुकारा व्हायच्या आधी गेला. किरणनं पुढची तारीख मागून घेतली. ती उद्या आहे.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, सांगण्यासारखी वाटली नाही म्हणून. मोठी सुनावणी असली की आदल्या संध्याकाळी दिवाकर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा आणि जे कोर्टात बोलायचं ते मला बोलून दाखवायचा. मी पोळ्या लाटत असायची. जिथं मला समजायचं नाही तिथं मी लाटणं थांबवायची. तो ते वाक्य बदलायचा. एल्डरमॅन होता तेव्हा मात्र तो दारात आला नाही. सभेतलं भाषण मी पहिल्यांदा सभेतच ऐकलं.

आज संध्याकाळी किरण आली. चपला काढून सरळ आत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. हातात केसचे कागद होते. "दीदी, सर कहते थे, पहले आपको सुनाना होता है." हे तो तिला सांगून बसला होता, हे मला माहीत नव्हतं... मी कणीक पुढ्यात ओढली. "बोल," मी म्हटलं. ती मराठी समजते, पण बोलते हिंदीच. बाया स्वतःहून उठून गेल्या असं समोरचे म्हणतात, त्यावर ती बोलू लागली. मध्येच कायद्याचा एक मोठा शब्द आला, त्याला जोडून दुसरा आला. मी लाटणं थांबवलं.

ती थांबली. माझ्या हाताकडं पाहिलं, कागद मिटला आणि पहिल्यापासून सांगू लागली.