आईकडून आईकडं

राजलक्ष्मी कोकरेला लहानपणापासून एकटक बघत बसायची खोड होती. वडील वालचंदनगरला कारखान्यात फिटर होते. क्वार्टरसमोरच्या कडुलिंबाखाली ती मुंग्यांची रांग बघत बसली की आईच्या तीन हाकाही तिला ऐकू यायच्या नाहीत. सुट्टीत ती सुप्याला आजोबांकडं जायची. आबाजींनी तेव्हा अजून तीसेक मेंढरं ठेवली होती. ऊन कलायला लागलं की माळावरचं गवत सोनेरी व्हायचं आणि त्यात मेंढरं तरंगल्यासारखी दिसायची. आबाजी त्यांतलं एकेक ओळखायचे.

"ही कुणाची, आबा?"

"ही बांडीच्या लेकीची लेक."

"आणि बाप?"

आबाजी हसायचे. "मेंढराचा बाप कोन इचारतंय, पोरी?"

बारामतीच्या कॉलेजात तिनं पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून रक्त पाहिलं आणि तास संपला तरी डोळा काढला नाही. लाल पेशींच्या गर्दीतून एखादी पांढरी पेशी, आभाळात ढग असावा तशी निवांत दिसत होती. त्या पेशींच्याच मागे ती पुढं पुण्याला गेली, तिथून मुंबईला, आणि संशोधन करता करता केस पिकले. लग्नाचा विषय घरच्यांनी दोनतीनदा काढला, मग सोडून दिला.

तिचं काम होतं ते जन्मतःच रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर. त्यातला एक आजार तिच्या मनात घर करून राहिला होता. बाळ जन्मतं तेव्हा आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी द्रव्यं, सोबत घेऊन येतं. ही शिदोरी पाच-सहा महिने पुरते. तोवर बाळाचं शरीर स्वतःची बनवायला शिकतं. पण काही मुलांमध्ये ती बनवणाऱ्या पेशीच तयार होत नाहीत, कारण एका जनुकात एक अक्षर चुकलेलं असतं. असं बाळ सहा महिने छान हसतं-खेळतं. मग ताप येतो, कान वाहतो, छाती भरते, आणि ते थांबतच नाही.

प्रयोगशाळेतल्या यंत्रावर एकेक पेशी एकेक ठिपका होऊन पडद्यावर उतरायची. ठिपक्यांचे थवे जमायचे. ते बघताना तिला वेळेचं भान राहायचं नाही. एकदा इंदापूर तालुक्यातल्या अकरा महिन्यांच्या मुलाचं रक्त आलं. बाकीचे थवे आपापल्या जागी उतरले, एका थव्याची जागा मात्र कोरी राहिली. तिनं सकाळी डॉक्टरांना फोन लावला. मूल आदल्या दिवशीच गेलं होतं.

रक्त घेताना लिहून घेतलेली त्या घराची माहिती फाइलीत तिच्याच अक्षरात होती. वडिलांनी तीन पिढ्या सांगितल्या होत्या. 'आमच्यात असं कुणाला न्हाय.' आई शेजारी मान खाली घालून बसली होती, एवढंच राजलक्ष्मीला आठवत होतं.

त्यानंतर बारा वर्षांनी भिगवणची राजनंदिनी आपल्या दीड वर्षाच्या सार्थकला घेऊन आली. चार वेळा न्यूमोनिया होऊन गेलेला. राजलक्ष्मीनं त्याच्या घशात टॉर्च मारला. टॉन्सिल जवळजवळ नव्हतेच; त्या पेशी नसल्या की ते वाढतच नाहीत. या वेळी रक्ताचा निकाल वेळेत आला. दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं दर महिन्याला शिरेतून द्यायची, जन्मभर, असं ठरलं. तिसऱ्या महिन्यात सार्थकचा ताप गेला तो गेलाच.

मग जनुकाचा निकाल आला. चुकलेलं अक्षर तेच होतं, त्या इंदापूरच्या बाळाचं. दोन्ही घरांच्या बापांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं. राजलक्ष्मी कागदाकडं बराच वेळ बघत राहिली. तिच्या डोळ्यांपुढं सुप्याचा माळ आला. बांडीच्या लेकीची लेक. हा आजार आईकडून येतो हे ती किती वर्षं शिकवत आली होती, आणि विचारताना मात्र बापाला विचारत होती.

जानेवारीत ती भिगवणला गेली. राजनंदिनीच्या आईची आई, कौसल्याबाई, ऐंशीच्या घरातल्या. माहेरचं सांगा म्हटल्यावर त्या उठल्याच.

"हितं बसून न्हाय सांगता यायचं. चल."

ओळखीच्या एका मच्छीमारानं धरणाच्या पाण्यात होडी काढली. दुपारचं पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं झालं होतं. लांब रोहित पक्षी उभे होते, गुलाबी धूर पसरल्यासारखे. मधोमध आल्यावर कौसल्याबाईंनी हात वर केला आणि वल्हं थांबलं.

"हितं खाली आमचं घर. धरण झालं तवा गाव उठलं."

त्या वाकून पाण्यात बघत बोलू लागल्या. चौघी बहिणी. थोरलीची तीन पोरं गेली, त्यांची स्वतःची दोन, धाकटीचं एक. सगळी दात यायच्या सुमाराला. पोरी तेवढ्या जगल्या. प्रत्येक मुलाचं नाव त्या घेत, थोडं थांबत, आणि मग पुढचं. राजलक्ष्मी वहीत वंशावळ मांडत होती, एकेका मुलाला एकेक चौकोन.

"आन् सातवं धाकटीच्या लेकीच्या लेकीचं. इंदापूरकडं दिलीती तिला. अकरा म्हैन्यांचं हुतं."

राजलक्ष्मीचा पेन थांबला. "आजी, ते बाळ माझ्याकडंच आलं होतं. मी त्याच्या बापाला तीन पिढ्या विचारल्या. आईला एक शब्द विचारला नाही."

कौसल्याबाईंनी तिच्याकडं बघितलं. "तिला कुणीच इचारलं न्हाय, बाय. तुझ्या एकटीचं काय." होडी जरा हलली. "पर तिसरीची तिनी पोरं जगली. ती म्हनायची, तुमी पान्यातल्या आसरांचं नीट केलं न्हाय, त्या कोपल्या. चाळीस वर्सं झाली, आमी बोलत न्हाय."

"आसरा कोपल्या नाहीत, आजी. तुमच्या आईकडं त्या जनुकाच्या दोन प्रती होत्या. एक बरोबर, एक चुकलेली. तिसरीच्या वाट्याला बरोबर आली, तुम्हा तिघींच्या वाट्याला चुकलेली. फासे पडावेत तसं. लेकीला बापाकडून दुसरी बरोबर प्रत मिळते म्हणून ती जगते, लेकाला आईची तेवढी एकच असते."

"म्हंजी दोष आमचाच म्हन की."

या प्रश्नाची तिला भीती होती. "चूक लिहिताना झाली, आजी. कधी झाली कुणाला ठाऊक. तुम्ही लिहिली नाही. आणि त्या पोरांनी जे सहा महिने हसून काढले, ते तुमच्याच रक्तावर काढले."

कौसल्याबाई पदर तोंडाला लावून पाण्याकडं बघत राहिल्या. किनारा आला तेव्हा म्हणाल्या, "हे तिसरीला सांगायला यशील?"

दोन महिन्यांनी बारामतीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर चौघींच्या लेकी, नाती, पणत्या जमल्या. एकोणीस जणी. बऱ्याच जणींनी एकमेकींना पहिल्यांदाच बघितलं होतं. तिसरीही आली होती, काठी टेकत. तिची तपासणी करायची फारशी गरज नव्हती, तरी तिनं बाही वर केली. "माजंबी घ्या. आमी चौघी एकाच घरच्या." कौसल्याबाई तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या. रक्त देऊन झालं तरी कुणी घरी जायला तयार होईना. कुणीतरी शेंगदाण्याचे लाडू काढले. राजलक्ष्मी भिंतीला टेकून ते हनुवटी-नाकांचं सारखेपण बघत राहिली. नर्सनं दोन हाका मारल्या, त्या तिला ऐकू आल्या नाहीत.

आठ जणींत चुकलेलं अक्षर निघालं. त्यातली एक सहा महिन्यांची गरोदर होती. तिला मुलगा झाला, आजार घेऊनच. पण या वेळी ते जन्माच्या आठवड्यातच कळलं, आणि आईची शिदोरी संपायच्या आत प्रतिपिंडांची पहिली बाटली लागली.

राजलक्ष्मी त्या दिवशी तिथं होती. सलाईनचा थेंब हळूहळू पडत होता. बाळ मूठ आवळून गाढ झोपलेलं. त्याच्या आईनं विचारलं, "मॅडम, ह्यानं काय व्हईल?"

"काही होणार नाही," राजलक्ष्मी म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिला हसू आलं. "म्हणजे ताप येणार नाही. बाकी सगळं होईल. रांगेल, पडेल, शाळेला दांडी मारेल."

आईही हसली.