आईच्या हातातलं नवं शास्त्र

"अक्का, तुझं बोट एकीकडं आणि तोंड दुसरीकडं!"

सेक्रेटरीबाई असं म्हणाल्या आणि चौदा माणसं हसली. आमच्या घरात. आमच्याच सतरंजीवर बसून. आईच्या मांडीवर शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, उघडं होतं. तिचं बोट ओळीवर तसंच राहिलं. तोंड बंद झालं.

बाई वाकल्या, पुस्तकात डोकावल्या. "हे इथं लिहिलेलंच नाही. बघा ना, पाळकसाहेब. हिला वाचताच येत नाही. इतकी वर्षं आपल्याला फसवत होती!"

परत हसले. चर्चचे पाळकसाहेबसुद्धा. तोंडावर हात धरून, पण हसले.

आई बाईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी आहे. बाई तिला अक्का म्हणतात आणि तू म्हणतात. बाईंचे मिस्टर चर्चचे सेक्रेटरी, म्हणून त्या सेक्रेटरीबाई. मिशनच्या जुन्या आवारात चार-पाच बंगले आहेत, त्यातला एक त्यांचा. त्यांचे पणजोबा मिशनच्या शाळेत शिकले. आम्ही साक्रीकडच्या डोंगरातले भिल्ल. धुळ्याला आलो ते वडलांना चर्चमध्ये रखवालदाराचं काम लागलं म्हणून. वडील गेले, झाडलोट आईकडे आली. आमच्या घराण्यात कॉलेज शिकलेली पहिली मी. रोज एसटीने अमळनेरला जाऊन बी.एस्सी. केलं, आता इथल्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. हे मी स्वतःहून सांगते, कारण बंगल्यांतलं कुणी विचारत नाही.

कोरोनात चर्च बंद पडलं, उपासना मोबाईलवर आली. मग चर्च उघडलं, पण जुनं काही परत आलं नाही. भिंतीवर पडदा आला. गाण्याच्या वह्या गेल्या, गिटार आली. शास्त्राचं नवं सोपं भाषांतर आलं. आणि दर बुधवारी संध्याकाळी घरसभा सुरू झाली, पाळीपाळीने एकेकाकडे. रीत अशी, की ज्याच्या घरी सभा, त्या घरातल्या मोठ्या माणसाने पाठ वाचायचा. आमच्या वस्तीपर्यंत पाळी यायला दोन वर्षं लागली.

आईला वाचता येत नाही. मला हे चौथीपासून माहीत होतं. ती लहान असताना गावात एक मास्तर संध्याकाळी शास्त्र वाचून दाखवायचे. तिने ऐकून ऐकून स्तोत्रं पाठ केली. चाळीसेक तरी. जुन्या भाषांतरातली, एका शब्दाची चूक नाही. उपासनेत ती पुस्तक उघडायची, बोट फिरवायची आणि म्हणायची. फसवायला नाही. हातात पुस्तक असलं की चार माणसांत बसल्यासारखं वाटतं, एवढंच. पुस्तक जुनं, शब्द जुने. कुणाला कळायचं काही कारण नव्हतं.

कळलं माझ्यामुळे.

बंगलेवाले पहिल्यांदाच घरी येणार होते. आईच्या पुस्तकाची पानं सुटलेली, पाठीला चिकटपट्टी. मला त्याची लाज वाटली. मी बाजारातून नवं शास्त्र आणलं. मोठ्या अक्षरांचं, सोनेरी कडांचं. जुनं ट्रंकेत टाकलं. सभा सुरू झाली तेव्हा मीच पान काढून ते तिच्या मांडीवर ठेवलं. मला अक्षर मोठं दिसलं. आतले शब्द बदललेत हे डोक्यातच आलं नाही. पदवीधर मी!

आई जुनं म्हणत राहिली. बाई मोबाईलमध्ये नवं बघत होत्या. पुढचं वर सांगितलंच आहे.

सगळे गेल्यावर आईने ते शास्त्र पिशवीत घातलं आणि फळीवर ठेवलं. मी तरी काय केलं? माणसं हसत असताना मी चहाचे कप गोळा करत होते. निम्मे कप भरलेलेच होते. हे मी विसरणार नाही, आणि यात माझं गप्प बसणंही आलं.

दोन दिवसांनी सेक्रेटरीसाहेबांचा ग्रुपवर मेसेज आला. ज्या घरात वाचणारं कुणी नाही त्या घरी यापुढे सभा ठेवू नये. मी फोन केला. "साहेब, मी आहे ना वाचायला."

"तू नोकरीवर असतेस, बेटा. शिवाय तुमच्या वस्तीत गाड्या लावायला जागा नाही."

आमच्या घराचं नाव पाळीतून गेलं.

पुढची सभा बाईंच्या बंगल्यावर होती. आई नको म्हणत होती. मीच ओढून नेलं. ती दाराजवळ चपलांशेजारी बसली. बाईंनी मला पुढे बोलावलं. "आज आपली ग्रॅज्युएट पोरगी वाचणार. अक्का, बघ, तुझी लेक तुझ्यावर गेली नाही!"

माणसं कौतुकाने हसली. त्यांना ते कौतुकच वाटत होतं.

मी म्हटलं, "मी वाचणार नाही."

"का गं?"

"आज पाठ म्हणायचं. फोन खाली ठेवा सगळ्यांनी. पडदा बंद करा. बाई, तुमच्यापासून सुरुवात. कुठलंही एक स्तोत्र. तुम्हाला आवडेल ते."

बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या, कारण मी बसत नव्हते. त्यांनी सुरुवात केली. दोन ओळी झाल्या. तिसरीला अडकल्या. हात फोनकडे गेला. मी म्हटलं, "फोन नाही."

"हा काय पोरखेळ आहे?" सेक्रेटरीसाहेब म्हणाले.

"मग तुम्ही म्हणा, साहेब."

ते एका ओळीतच थांबले. पाळकसाहेब चौथीपर्यंत गेले आणि मधलंच काहीतरी जोडलं. मी शास्त्रात बघून सांगितलं, "साहेब, हे तिथं लिहिलेलं नाही." तेव्हा कुणी हसलं नाही. बाईंचा चेहरा लाल झाला होता. मी तो पोटभर बघून घेतला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

मग मी वळले. "आई, आता तू म्हण."

सगळे दाराकडे बघायला लागले. आईने पदर ओढून घेतला. "नही," एवढंच म्हणाली आणि उठली. चपला घालून बाहेर.

मी मागे धावले. फाटकापाशी तिने माझा हात झटकला.

"तू बी मनी परीक्षाच लिधी ना."

मला वाटलं होतं ती धडाधडा म्हणेल आणि आम्ही जिंकू. पण तिच्यासाठी बाई आणि मी, दोघींनी सारखंच केलं होतं. चारचौघांत तिची परीक्षा घेतली होती, येतं की नाही बघायला. त्या दिवसापासून आई एकही स्तोत्र म्हणालेली नाही. झाडताना म्हणायची, भाकरी थापताना म्हणायची. आता घर मुकं आहे. माझ्या वाट्याची चूक मी आईपाशी कबूल केली. तिने ऐकून घेतलं. माफ केलं की नाही, मी विचारलं नाही.

बाईंनी काहीच कबूल केलेलं नाही. म्हणून पुढचं.

आमच्या चर्चच्या कमिटीची निवडणूक आहे. मतं बंगल्यांपेक्षा वस्तीची जास्त, पण वस्तीतून आजवर कुणी उभंच राहिलं नाही. राहू नये म्हणून सेक्रेटरीसाहेबांनी यंदा नियम करून घेतला, पदाधिकारी पदवीधर पाहिजे. मी वस्तीतल्या एकूण एक घरी जाऊन आले. जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, माझ्या चुकीसकट. मग सेक्रेटरीपदाचा अर्ज भरला, सोबत पदवीची झेरॉक्स जोडली आणि पाळकसाहेबांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी चष्मा काढला. "ताई, हे सेवेचं पद आहे. मनात राग धरून इथं येऊ नये. बाईंना क्षमा करा."

"बाईंनी मागितली का?"

त्यांनी चष्मा परत घातला.

"साहेब, अर्जाची पोच द्या."

त्यांनी सही केली. हात जरा थांबला, पण केली.

यंदा पडले तर पुढच्या खेपेला भरीन. सेक्रेटरीसाहेबांनी नियम बदलला तर त्या नियमात बसेन आणि परत भरीन. ती खुर्ची मला पाहिजे. सेवेचं मग बघू. आधी त्या नवराबायकोला तिथून उठवायचं आहे, सगळ्यांच्या देखत, आणि उठताना बाईंनी माझ्या आईला "अहो" म्हटलं पाहिजे.